संहिता नसलेलं नाटक

डिचोली तालुक्यातल्या मुळगावात एक मुलगी होती. शाळेच्या प्रगतिपुस्तकात तिच्या नावापुढे दरवर्षी एकच शेरा असायचा, 'शांत व आज्ञाधारक'. घरात त्या शेऱ्याचं कौतुक होतं. ती शांत का असते, हे मात्र कोणी विचारलं नाही. बसमध्ये कंडक्टरला आपला थांबा मोठ्याने सांगणं तिला जमत नसे. आणखी कोणीतरी तिथे उतरेल या आशेवर ती बसून राहायची; कोणी नाहीच उतरलं तर पुढच्या थांब्यावर उतरून उन्हातून मागे चालत यायची. वर्गात उत्तर येत असायचं, पण हात वर जात नसायचा. अशा मुलांचा कोणाला त्रास होत नाही, म्हणून त्यांच्याकडे लक्षही जात नाही. दंगा करणाऱ्या मुलासाठी शाळा पालकांना बोलावणं धाडते. गप्प बसणाऱ्या मुलीसाठी धाडल्याचं मी ऐकलेलं नाही.

तिचे बाबा खनिजाचा ट्रक चालवायचे. ट्रक स्वतःचा, कर्ज बँकेचं. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा ती पाचवीत होती. पुढे त्या सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा ती दहावीत होती. ट्रक अंगणात उभा राहिला. आईने सोलं, पापड, लोणची करून डिचोलीच्या बाजारात नेऊन विकायला सुरुवात केली. हिशेब मुलगी ठेवायची. साखळीच्या सरकारी महाविद्यालयातून ती बी.कॉम. झाली, गुण चांगले मिळाले, आणि घर तिच्या नोकरीची वाट पाहू लागलं.

पहिली मुलाखत एका औद्योगिक वसाहतीतल्या कार्यालयात होती. तिने वहीभर उत्तरं इंग्रजीत लिहून काढली आणि पाठ केली. गोव्यातल्या पुष्कळ मुलांसारखी तिची चौथीपर्यंतची शाळा मराठी आणि पाचवीपासून सगळं इंग्रजीतून. त्यामुळे वाचता-लिहिता येत होतं. तोंडाने बोलण्याची वेळ क्वचितच आली होती. ती खुर्चीत बसली. समोरच्या गृहस्थांनी तिला जरा मोकळं वाटावं म्हणून सहज विचारलं, "मुळगावहून आलात? पावसात रस्ता कसा असतो तिकडे?"

हा प्रश्न वहीत नव्हता.

ती काही क्षण गप्प राहिली आणि मग तिने एकदम स्वतःचं नाव, शिक्षण, आवडीनिवडी असं पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली. मध्येच एक शब्द निसटला. पाठांतर मधूनच उचलता येत नाही, म्हणून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्यांदाही त्याच शब्दापाशी अडली. तळहात ओले, कान गरम, आवाज बंद. त्या गृहस्थांनी पाण्याचा पेला पुढे केला. ते चांगलेच वागले. त्यांच्या चांगुलपणानेच तिला घरी येईपर्यंत रडू येत राहिलं.

"घाबरायचं कशाला? तिथे काय वाघ बसलेत?" असं शेजारी म्हणाले. "घाबरू नकोस," असं बाबा म्हणाले. हा सल्ला आपण सगळे देतो आणि तो कोणाच्याही उपयोगी पडत नाही. भीती काही विचारून येत नाही, की सांगितल्यावर निघून जात नाही. उलट आधी मुलाखतीची भीती असते, मग आपल्याला भीती वाटते आहे याची लाज तिला येऊन मिळते. मुलीने ठरवलं, यापुढे मुलाखतीला जायचं नाही. आईच्या पापडांचा धंदा वाढवू.

कार्तिक सरला, जत्रांचे दिवस आले, आणि आई तिला माहेरी पेडण्याला घेऊन गेली.

तिचे आजोबा दशावतारी. पोर्तुगीज अमदानीत मराठी शाळेत चार बुकं शिकलेले, दिवसा शेती, रात्री नाटक. तरुणपणी स्त्रीपार्टी करायचे, पुढे वय वाढलं तसे राजपार्टीत आले. पंचाहत्तरी ओलांडली होती. आता हंगामात मोजकेच प्रयोग करत. दिवसा फार बोलत नसत. नात त्यांच्यावरच गेली आहे, असं आजी म्हणायची.

त्या रात्री एका देवळात दहीकाला होता. आजोबांना अंधारात नीट दिसत नाही म्हणून नात बरोबर गेली आणि रंगपटातच बसली. पेटाऱ्याच्या झाकणाला टेकवलेल्या आरशात पाहून जो तो स्वतःचं तोंड रंगवत होता. नाटक मंडळाच्या मालकाने फिरता फिरता आख्यान सांगितलं, कोण कोणता पार्ट करणार ते सांगितलं, प्रवेशांचा क्रम सांगितला. एवढंच. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथा सगळ्यांना पाठ, संवाद मात्र रंगपीठावर उभं राहून तिथल्या तिथे करायचे. पहाटेपर्यंत. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं, पण त्या रात्री पहिल्यांदाच तिच्या अंगावर काटा आला. एका पाठ केलेल्या वाक्यावर आपण कोसळलो आणि ही माणसं रिकाम्या हाताने रात्रभर उभी राहतात!

बाहेर आख्यानाआधीचा आडदशावतार संपत आला होता. संकासुराच्या बोलण्यावर लोक हसत होते. आजोबा मुकुट बांधून प्रवेशाची वाट पाहत उभे राहिले आणि तिला त्यांचे हात दिसले. थरथरत होते. वयामुळे असेल असं तिला वाटलं. मग तिने पाहिलं, त्यांनी पावलं जमिनीवर नीट टेकवली, नाकाने श्वास घेतला आणि फुंकर घालावी तसा सावकाश सोडला. पुन्हा तसंच केलं. मृदंगावर थाप पडली आणि आजोबा गेले. रंगपीठावर एक लाकडी बाकडं होतं, तेच सिंहासन. त्यावर ते बसले तेव्हा हात थरथरत नव्हते. किंवा थरथरत असतील, तिला दिसले नाहीत.

पहाटे घरी परतताना तिने विचारलं, "आजोबा, तुमचे हात कापत होते?"

"रोजच कापतात, बाय."

"अजून?"

"पहिल्या रात्री कापले तसेच. मध्ये काही वर्षं वाटायचं, पुढच्या हंगामात थांबतील. नाही थांबले. मग मी त्यांची वाट पाहणं सोडून दिलं. कापू देत. अंगाला कळलेलं असतं, आता काम आहे."

मग त्यांनी तिला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. गोवा मुक्त झाला त्यानंतर दोन-तीन वर्षांतलीच. सोळा वर्षांचा लाजाळू मुलगा, पहिल्यांदा लुगडं नेसून सुभद्रा म्हणून उभा राहिला. समोर सगळा गाव. पहिल्या रांगेत स्वतःचे वडील. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. समोर अर्जुन करणारा जुना नट होता. तो रागावला नाही, घाईही केली नाही. म्हणाला, "सुभद्रे, या मौनाचं कारण काय? कोणी दुखावलं तुला?" लोकांना वाटलं हे नाटकातलंच.

"तोवर मी माझ्याकडेच बघत होतो," आजोबा म्हणाले. "माझं लुगडं, माझा आवाज, माझे वडील काय म्हणतील. त्याने विचारलं तेव्हा पहिल्यांदा मी त्याच्याकडे बघितलं. खरंच विचारत होता तो. मग उत्तर आपोआप आलं. तेव्हापासून मी एवढंच करतो. आख्यान पक्कं ठेवतो, पहिलं वाक्य पक्कं ठेवतो, आणि बाकी समोरच्याचं ऐकतो."

"पण लोकांना कळतं ना, आपण घाबरलोय ते?"

"तुझ्या छातीतली धडधड तुलाच ऐकू येते. पहिल्या रांगेतल्यालासुद्धा येत नाही."

आजोबांना ठाऊक नव्हतं, पण त्यांचं हे म्हणणं प्रयोगाने तपासून झालेलं आहे. केनेथ सॅव्हित्स्की आणि टॉमस गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. भाषण करणाऱ्यांना आपली घाबरगुंडी जितकी उघडी पडली असं वाटतं, तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नाही, असं त्यांना आढळलं. आणि विशेष हे, की ज्यांना बोलण्याआधीच ही गोष्ट समजावून सांगितली, त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. नुसत्या माहितीने माणसाच्या अंगावरचा भार इतका कमी होतो. ही माहिती शाळेतल्या प्रत्येक मुलाला कोणीतरी द्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

त्या दिवसांत पेडण्यात जो तो मोपाबद्दल बोलत होता. पठारावरचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला होता. ज्या गावांच्या काजूच्या बागा आणि चरायची कुरणं त्यात गेली, तिथल्या मुलांना नोकऱ्या मिळणार की नाहीत, यावर चहाच्या दुकानात वाद चालायचे. तिथे काम करणाऱ्या एका कंपनीत प्रवाशांना मदत करण्याच्या जागा निघाल्याचं मामाने सांगितलं. मुलगी नको म्हणाली. आजोबांनी आग्रह केला नाही. त्यांनी पडवीतलं बाकडं उचलून अंगणात ठेवलं आणि त्यावर बसून राजाच्या आवाजात विचारलं, "कोण आहेस तू? या राज्यात कोणत्या कामासाठी आलीस?"

तिला हसू आलं. मग ती उत्तर द्यायला लागली.

पुढचे दिवस रोज संध्याकाळी हा खेळ चालला. आजोबा मध्येच विषय बदलायचे. नोकरीवरून गुरांवर, गुरांवरून पावसावर. प्रश्न संपायच्या आत तिने तोंड उघडलं की हात वर करून थांबवायचे. "माझं वाक्य अजून माझ्या तोंडात आहे. ते आधी घे, मग तुझं दे." उत्तर सुचलं नाही तर काय करायचं, हेही त्यांनी तिच्याकडून घोटून घेतलं. राजा काही क्षण विचार करतो, तेव्हा लोक त्याला विचारी म्हणतात. म्हणून 'मला थोडा विचार करू द्या' हे वाक्य मोठ्याने म्हणून बघायचं. 'कळलं नाही, पुन्हा सांगाल का' हेही. 'हे मला माहीत नाही' हेही. ही तीन वाक्यं इंग्रजीत म्हणताना सुरुवातीला तिचा आवाज घशातच अडकायचा. मनातल्या मनात म्हटलेलं वाक्य आणि तोंडाने म्हटलेलं वाक्य यांत फार अंतर असतं. जीभ वळते ती मोठ्याने बोलूनच. वही तिने मुळगावातच ठेवली होती, ते बरंच झालं.

एकदा ती म्हणाली, "तुमचं ठीक आहे आजोबा, तुम्ही तुमच्या भाषेत बोलता. मला इंग्रजीत बोलायचंय."

"माझ्या भाषेत?" आजोबा म्हणाले. "घरी आपण कोकणी बोलतो. मला हस्तिनापूरच्या राजाचं मराठी बोलावं लागतं. 'हे राजन', 'हे कुलभूषण'. असं कोण बोलतं आपल्या घरात? ऐकून ऐकून आलं ते, आणि आधी चुकीचंच आलं. एकदा भर सभेत मी द्रौपदीला 'हे द्रौपदा' म्हटलं. लोक हसले. मी पुढचं वाक्य बोललो, लोक पुढचं ऐकायला लागले."

सगळ्यांत अवघड गेलं ते आख्यान. आजोबांनी विचारलं, "तुझी गोष्ट काय? राजाला सांगण्यासारखं तू काय केलंस?" ती म्हणाली, काही नाही. लाजाळू माणसाचं हे ठरलेलं उत्तर असतं आणि ते बहुतेक वेळा खोटं असतं. त्याने केलेलं असतं, फक्त कोणाला सांगितलेलं नसतं. आजोबा विचारत राहिले. बँकेच्या हप्त्यांचा आणि पापडांचा हिशेब निघाला. आणि एका संध्याकाळी शिरगावची गोष्ट निघाली.

शिरगाव मुळगावच्या शेजारी. वैशाखात लईराई देवीच्या जत्रेला तिथे पाय ठेवायला जागा नसते. हातात वेताच्या काठ्या घेतलेले धोंड, म्हणजे व्रत पाळणारे भक्त, होमकुंड, रात्रभर गर्दी. एका वर्षी या मुलीला वाटेच्या कडेला एक म्हातारी रडताना दिसली. बरोबरच्यांपासून चुकलेली. सात-आठ जण तिच्याभोवती उभं राहून तिला सूचना देत होते, इकडे जा, तिकडे जा, फोन लाव. म्हातारीला काहीच समजत नव्हतं. मुलगी तिचा हात धरून तिला एका घराच्या पायरीवर घेऊन गेली, पाणी आणून दिलं आणि शेजारी बसली. थोड्या वेळाने म्हातारी आपणहून बोलू लागली. बोलण्यावरून ती दोडामार्गकडची असावी, हे मुलीने ओळखलं. गाडी कुठे लावली ते म्हातारीला सांगता येईना, पण उतरल्यावर उजव्या हाताला काय दिसलं ते आठवत होतं. तेवढ्यावरून मुलीने जागा शोधली आणि तिला माणसांत नेऊन पोचवलं.

"मी काही केलं नाही," ती म्हणाली. "नुसती बसले होते."

"आणि बाकीचे काय करत होते?"

"बोलत होते."

आजोबा बाकड्यावरून उठले. "हे आख्यान आहे," म्हणाले. "हे इंग्रजीत सांग मला. मला कळणार नाही, पण मी ऐकेन."

तिने त्या जागेसाठी अर्ज केला. मुलाखतीच्या आदल्या दिवशी ते दोघं मामाच्या गाडीतून मोपाच्या पठारावर जाऊन आले. फाटक कुठे, आत जायला किती चालावं लागतं, पाण्याची सोय आहे का, हे बघून आले. आजोबासुद्धा प्रयोगाआधी, दिवे लागायच्या आत, रंगपीठावरून एकदा अनवाणी चालून यायचे. दुसऱ्या दिवशी ती वेळेच्या बऱ्याच आधी पोचली. तिचे हात थंड होते. छाती धडधडत होती. तिने पावलं फरशीवर टेकवली आणि श्वास सावकाश सोडला. धडधड गेली नाही. ती तशीच आत गेली.

दोन पुरुष आणि एक बाई समोर होत्या. पहिलं वाक्य पक्कं होतं, ते नीट आलं. मग त्या बाईंनी विचारलं, "गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळीहून सुटणाऱ्या विमानाचा प्रवासी चुकून मोपाला आला. विमान सुटायला थोडाच वेळ उरलाय, मध्ये शापोरा, मांडवी आणि झुआरी, आणि तो प्रवासी तुमच्यावर ओरडतोय. तुम्ही पहिल्यांदा काय कराल?"

पूर्वीची ती असती तर प्रश्नाच्या अर्ध्यातच वहीतलं पान शोधू लागली असती. या वेळी तिने शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं. बाईंच्या आवाजावरून तिच्या लक्षात आलं, की असा माणूस यांनी खरोखर पाहिलेला आहे, बहुधा याच आठवड्यात. 'मला थोडा विचार करू द्या,' ती म्हणाली. कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही. मग तिने शिरगाव सांगितलं. 'धोंड' या शब्दाला इंग्रजी सापडेना, तर तिने 'धोंड' म्हटलं आणि ते कोण असतात ते साध्या शब्दांत समजावलं. व्याकरण दोन ठिकाणी चुकलं, तिला ते कळलं, आणि ती पुढच्या वाक्यावर गेली. आधी त्या माणसाला बसवीन, म्हणाली. तो ओरडून होईपर्यंत ऐकीन. ओरडणारा माणूस बहुतेक वेळा घाबरलेला असतो. मग तिकीट बघून विमान कंपनीला कळवीन आणि पुढचं विमान कुठलं ते त्याच्यासमोरच शोधीन.

एका गृहस्थांनी विचारलं, दाबोळीचं सांकेतिक नाव 'जीओआय', मग मोपाचं काय? 'जीओएक्स,' ती म्हणाली. त्यात 'एक्स' का, असं त्यांनी पुढे विचारलं. ते तिला माहीत नव्हतं, आणि तसं तिने सांगितलं.

निघताना त्या बाई म्हणाल्या, तुम्ही फार शांतपणे बोलता. ती दाराबाहेर आली तेव्हा तिचे गुडघे लटपटत होते.

पत्र आलं. पुढे माणसं चुकलेल्या सामानाची, सुटलेल्या विमानांची तक्रार घेऊन जिथे येतात, त्या टेबलावर तिला बसवलं. कामाची पाळी सुरू होताना तिचे हात अजूनही थंड पडतात. आता ती पेडण्यातच आजोबांकडे राहते. सुट्टीच्या दिवशी अंगणात बाकडं निघतं. पहिल्यांदा मामाची मुलगी आली, मग तिची मैत्रीण. या रविवारी वारखंडहून दोन मुलगे यायचे आहेत. एकाला बोलताना अडखळायला होतं, असं त्याच्या आईने फोनवर सांगितलं. आजोबांनी त्याच्यासाठी राजाऐवजी अर्जुनाचा पार्ट करायचं ठरवलं आहे.